हातावर तुरी

१९८६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वाड्यातली मुलं एक नवा खेळ खेळत होती. एकाने चार्ल्स व्हायचं, एकाने झेंडे, आणि उरलेल्यांनी तिहारचे पहारेकरी. पहारेकऱ्यांनी खोटीखोटी बर्फी खाऊन अंगणात आडवं व्हायचं. मग चार्ल्सने त्यांच्या अंगावरून उड्या मारत विहिरीमागे जाऊन लपायचं. झेंडे मराठी होते, पोलीस होते आणि शेवटी जिंकणारही तेच होते. तरी झेंडे व्हायला कोणी आपणहून पुढे येत नसे. भांडणं व्हायची ती चार्ल्स कोण होणार यावरून.

त्या खेळात एक भूमिका आम्ही ठेवलीच नव्हती, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली. मेलेलं कोणालाच व्हायचं नव्हतं. चार्ल्सने कोणाला मारलं, ती माणसं कुठली, काय वयाची, त्यांचं पुढे काय ठरलं होतं, यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं. ओसरीवर बसून रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचणाऱ्या आजोबांनीही ते कधी विचारलं नाही. बातमी पळून जाण्याची होती आणि आम्ही सगळे त्या पळण्यात रमलो होतो.

घटना थोडक्यात सांगतो. १६ मार्च १९८६, रविवार. दिल्लीच्या तिहार तुरुंगात चार्ल्स शोभराज नावाच्या कैद्याने वाढदिवसाचं निमित्त काढून पहारेकऱ्यांना मिठाई आणि फळं वाटली. त्यांत गुंगीचं औषध होतं. पहारेकरी झोपले आणि हा काही साथीदारांसह तुरुंगातून निघून गेला. बरोबर तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलच्या रात्री, गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ रेस्तराँमध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला पकडलं. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता आणि परदेशी फोन लागेल अशा जागा तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. हा माणूस परदेशाशी बोलल्याशिवाय राहणार नाही, हे झेंडे यांनी ओळखलं होतं. शोभराजचा चेहराही त्यांना नवा नव्हता. १९७१ साली मुंबईत त्यांनीच त्याला एकदा अटक केली होती. तुरुंगातल्या मेजवानीचं निमित्त खोटं होतं, पण पकडला गेला तो दिवस त्याच्या खऱ्या वाढदिवसाचा. त्या दिवशी तो ४२ वर्षांचा झाला.

पुढे त्या रेस्तराँमध्ये एक पुतळा बसवण्यात आला. पकडणाऱ्याचा नव्हे, पकडल्या गेलेल्याचा. पर्यटक त्याच्या शेजारी बसून फोटो काढू लागले.

मराठीत अशा प्रसंगासाठी तयार वाक्प्रचार आहे. तो पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला. हे शब्द एकदा सावकाश उच्चारून पाहा. त्यात पळणाऱ्याचा हात वर आहे आणि पोलीस तुरीचे दाणे घेऊन खुळ्यासारखे उभे आहेत. भाषेनेच एक बाजू घेतलेली आहे. अट्टल, पोचलेला, बारा गावचं पाणी प्यालेला, महाठक, ठकसेन. बातमीदार हे शब्द निषेध म्हणून वापरतात, पण त्यांत निषेध चिमूटभर आणि दाद ओंजळभर असते. आपल्या मनात गुन्हेगाराबद्दल जे काही चाललेलं असतं ते आपल्या आधी आपल्या शब्दांना कळतं.

ही दाद आजची नाही आणि एकट्या मराठीतलीही नाही. तिचा एक धागा लंडनमधून निघून थेट आपल्या रंगभूमीपर्यंत येतो, म्हणून तो सांगायलाच हवा.

१७२४ साली लंडनमध्ये जॅक शेपर्ड नावाचा बावीस वर्षांचा चोर होता. सुतारकाम शिकलेला, अंगाने लहानखुरा. त्या एका वर्षात तो चार वेळा कोठडीतून पळाला, त्यांतल्या दोन वेळा न्यूगेटसारख्या भक्कम तुरुंगातून. शेवटच्या खेपेला त्याच्या अंगावर बेड्या होत्या आणि वाटेत एकामागून एक कुलूपबंद दारं होती. तो पुन्हा पकडला गेला तेव्हा त्याला पाहण्यासाठी लोक पैसे मोजून तुरुंगात येऊ लागले. सर जेम्स थॉर्नहिल या नामवंत राजचित्रकाराने कोठडीत बसून त्याचं चित्र काढलं. १६ नोव्हेंबर १७२४ ला टायबर्नला त्याला फाशी दिलं तेव्हा जमलेली गर्दी काही अंदाजांनुसार दोन लाखांची होती. चारच वर्षांनी, १७२८ मध्ये, जॉन गे याचं ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आलं. त्यातल्या मॅकहीथ या रुबाबदार दरोडेखोरामागे शेपर्डची सावली आहे असं मानलं जातं. त्यानंतर दोनशे वर्षांनी बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी बर्लिनमध्ये त्याच कथेचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ केलं, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ते ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं. थिएटर अकॅडमीच्या प्रयोगाला टाळ्या वाजवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांपर्यंत टायबर्नच्या त्या पोराची कीर्ती अशी अडीचशे वर्षं चालत आली होती.

शेपर्डच्या कीर्तीने राज्यकर्तेही हादरले होते. १८३९ मध्ये विल्यम हॅरिसन एन्सवर्थने त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि लंडनच्या नाटकमंडळ्यांनी तिच्यावरून धडाधड नाटकं उभी केली. दुसऱ्या वर्षी लॉर्ड विल्यम रसेल या उमरावाचा त्याच्याच नोकराने गळा चिरला. ती कादंबरी वाचून माझ्या मनात हे आलं, असं नोकराने सांगितल्याची बातमी पसरली. मग ‘जॅक शेपर्ड’ हे नाव शीर्षकात असलेल्या नव्या नाटकांना सरकारी परवाना मिळेनासा झाला आणि ही बंदी सुमारे चाळीस वर्षं टिकली. कादंबरी वाचून कोणी खून करतो यावर माझा विश्वास नाही. स्वतःच्या कृत्याचं ओझं पुस्तकावर टाकणं सोपं असतं आणि पुस्तकावर बंदी घालणं त्याहून सोपं.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. शेपर्डने कोणालाही मारलं नव्हतं. तो चोर होता. ज्या काळात कापडाच्या ठाणासाठी माणसाला फासावर चढवत, त्या काळात तो तुरुंगाच्या भिंती ओलांडत होता, आणि बाहेर उभ्या गरिबाला त्यात आपलीच सुटका दिसत होती. ती दाद मला समजते. तिच्यामागे अन्याय होता. पण ही दाद एकदा रूढ झाली की तिचा साचा तयार होतो. तुरुंग, बेड्या, युक्ती, पलायन, बावळट पहारेकरी आणि बाहेर हसणारी गर्दी. अडीचशे वर्षं गिरवून गुळगुळीत झालेल्या या साच्यात विसाव्या शतकाने एका खुन्याला बसवलं. शेपर्डच्या अंगाचा कोट शोभराजला घातला, आणि खांद्यात तो बसत नाही हे कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

शोभराजने प्रत्यक्षात काय केलं होतं ते पाहू.

त्याचा जन्म १९४४ चा, सायगावमधला. वडील तिथे व्यापार करणारे सिंधी, आई व्हिएतनामी. पुढे आईने एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि मुलगा फ्रान्सला गेला. घरफोडीसाठी त्याने पॅरिसजवळच्या प्वासीच्या तुरुंगात शिक्षा भोगली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात चोरीच्या गाड्या आणि दागिन्यांच्या मागे फिरत होता. दिल्लीच्या हॉटेल अशोकमधल्या जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या दरोड्यात तो सापडला. अपेंडिक्सचं दुखणं आहे असं सोंग करून तो इस्पितळातून पळाला. काबूलमधून पळाला, ग्रीसमधून पळाला.

१९७५ मध्ये तो बँकॉकच्या कनित हाउस या इमारतीत ‘आलँ गोतिए’ या नावाने राहत होता आणि स्वतःला रत्नांचा व्यापारी म्हणवत होता. त्या काळी युरोप-अमेरिकेतली हजारो तरुण मुलं-मुली खांद्यावर पिशव्या टाकून इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू अशी वाट तुडवत पूर्वेकडे येत. कोणी अध्यात्म शोधत येई, कोणी चरस, कोणी नुसतंच मोकळं आकाश. घरच्यांना पत्र लिहायचं आणि उत्तर पुढच्या शहरातल्या टपाल कार्यालयात जाऊन घ्यायचं, एवढाच त्यांचा मागे राहिलेल्या जगाशी संबंध. महिनाभर पत्र आलं नाही तरी घरी कोणी फारसं घाबरत नसे. शोभराज अशांना घरी बोलवायचा, जेवू घालायचा, स्वस्तात खडे मिळवून देतो म्हणायचा. मग पाहुणा आजारी पडायचा. आजारी पाडणारा आणि उशाशी बसून औषध देणारा माणूस एकच होता. शेवटी पाहुण्याचे प्रवासी धनादेश आणि पासपोर्ट त्याच्याकडे राहायचे. पासपोर्टावरचा फोटो तेव्हा नुसता चिकटवलेला असे. तो काढून दुसरा लावणं अवघड नव्हतं.

त्याच्यावर डझनभर किंवा त्याहून अधिक खुनांचा संशय होता. थायलंडमधल्या मृत्यूंचा खटला तर कधी उभाच राहिला नाही. पण एवढ्यावरूनही त्याच्या धंद्याची रीत कळते. अनोळखी देशात आलेल्या, आजारी पडलेल्या आणि विश्वासाने समोर बसलेल्या माणसाला लुबाडायला कसली बुद्धी लागते? त्याच्याबद्दल छापलेल्या मजकुरात ‘विलक्षण बुद्धिमान’ हे शब्द इतक्या वेळा येतात की वाचणाऱ्याला ती माहितीच वाटू लागते. मला त्यात बुद्धी दिसत नाही. दिसतात ती सताड उघडी दारं. एका देशाच्या पोलिसांची दुसऱ्या देशाच्या पोलिसांशी गाठ नव्हती. कळकट कपड्यांतल्या हिप्पीच्या मरणाकडे कोणताच ठाणेदार फार लक्ष देत नव्हता. समुद्रात मृतदेह सापडला की बुडून मेला, एवढ्यावर कागद बंद होत असे. व्यवस्थेच्या आळसाचं सगळं श्रेय त्या माणसाच्या डोक्याला मिळालं.

आणि शेवटी तो सापडला कोणाच्या हाती? जुलै १९७६ मध्ये दिल्लीच्या विक्रम हॉटेलात तो अभियांत्रिकीच्या फ्रेंच विद्यार्थ्यांचा वाटाड्या बनला होता. हगवण होऊ नये म्हणून त्याने त्यांना गोळ्या वाटल्या. खोल्यांमध्ये जाऊन झोपल्यावर गुंगी चढावी असा त्याचा बेत होता. पण मुलं तिथेच, एकमेकांच्या डोळ्यांदेखत कोसळू लागली. जे शुद्धीवर होते त्यांनी त्याला धरून ठेवलं आणि पोलीस बोलावले. म्हणजे ‘विलक्षण बुद्धिमान’ माणसाचं औषधाचं गणित चुकलं आणि काही विद्यार्थ्यांनी त्याची मानगूट पकडली. हा प्रसंग आमच्या वाड्यात कोणी खेळलं नाही.

टोपणनावाचाही विचार करायला हवा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बिकिनी किलर’ म्हटलं. ऑक्टोबर १९७५ मध्ये थायलंडच्या पट्टायाजवळ समुद्रात एका अमेरिकन तरुणीचा मृतदेह सापडला. तिच्या अंगावर पोहण्याचे कपडे होते. ती बौद्ध धर्माच्या ओढीने काठमांडूच्या मठाकडे निघाली होती. मरताना तिच्या अंगावर जे कापड होतं त्यावरून तिला मारणाऱ्याला एक चटकदार नाव मिळालं, आणि ते पन्नास वर्षं टिकलं. तिची मठाची ओढ कोणाच्या लक्षात राहिली नाही. शिवाय ज्यांच्या मृत्यूंचा संशय त्याच्यावर होता त्यांत पुरुष बरेच होते. नेपाळमध्ये जाळलेल्या दोन मृतदेहांपैकी एक तरुणाचा होता. त्या नावाचा वस्तुस्थितीशी फारसा संबंध नव्हता. पण संपादकांना ते हवं होतं, कारण त्यात मृत्यूही होता आणि उघडं अंगही. मृतांची नावं मी इथे मुद्दाम देत नाही. त्यांच्या घरची माणसं हयात आहेत, आणि प्रत्येक नव्या मालिकेबरोबर ती नावं त्याच्या नावाच्या शेपटीला बांधून पुन्हा बाजारात येतात.

बाजार हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. दिल्लीत खटला उभा राहिला तेव्हा ऑस्ट्रेलियन पत्रकार रिचर्ड नेव्हिल आणि ज्युली क्लार्क त्याला भेटायला आले. तो त्यांच्याशी तासन् तास बोलला आणि १९७९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी टॉमस टॉम्पसन या अमेरिकन लेखकाचं ‘सर्पेंटाइन’ही आलं. नेव्हिल आणि क्लार्क यांना सांगितलेल्या खुनांच्या हकिकती शोभराजने नंतर सपशेल नाकारल्या. पुस्तक खपवायला कबुली लागते आणि न्यायालयात नकार लागतो. एकच जीभ दोन्ही ठिकाणी चालवायला तो कचरला नाही. प्रसिद्धी त्याच्याकडे चालून आली, हे अर्धंच खरं आहे. तो तिचा कारखाना चालवत होता आणि कच्चा माल आपण पुरवत होतो.

तिहारमधलं त्याचं वजन ही तर वेगळीच कहाणी आहे. तिथे अनेक वर्षं अधिकारी राहिलेले सुनील गुप्ता यांनी सुनेत्रा चौधरी यांच्यासह लिहिलेल्या ‘ब्लॅक वॉरंट’ या २०१९ च्या पुस्तकात एक आठवण आहे. १९८१ मध्ये नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या गुप्तांना टाळाटाळीची उत्तरं मिळत होती. तेव्हा नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस पुढे आला आणि त्याने त्यांचं काम करून दिलं. तो अधिकारी नव्हता, कैदी होता, आणि त्याचं नाव चार्ल्स शोभराज. ही गोष्ट वाचताना हसू येतं. मग लक्षात येतं की तुरुंगात पैसा आणि दहशत चालली तर काय होतं, याचं हे उदाहरण आहे. त्याच तुरुंगात ज्याच्याकडे पैसा नव्हता तो खटल्याची तारीख येण्याची वाट पाहत वर्षानुवर्षं कुजत होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १९७६ मध्ये तिहारला आणल्यापासून शोभराजच्या पायांत सतत लोखंडी दांड्यांच्या बेड्या होत्या. त्याविरुद्ध तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ च्या ‘सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन’ या खटल्याच्या निकालात त्याची याचिकाही होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासह घटनापीठाने सांगितलं, की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत आणि कैद्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला असं जखडून ठेवता येणार नाही. कैद्यांच्या हक्कांबद्दल बोलताना आजही वकील या निकालाचा दाखला देतात. त्याचा आधार अशा हजारो कैद्यांना मिळाला ज्यांची नावं कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाहीत. शोभराज वाईट होता म्हणून त्याच्या पायांतली बेडी चांगली ठरत नाही. त्याच्या आयुष्यातली माझ्या मते खरोखर लक्षात ठेवण्याजोगी घटना हीच आहे, आणि ती एकाही चित्रपटाचा विषय झालेली नाही.

१९८६ च्या पलायनाबद्दल एक तर्क सगळीकडे मांडला गेला, आणि तो पटण्यासारखा आहे. त्याची भारतातली शिक्षा संपत आली होती. सुटला असता तर थायलंडच्या हवाली व्हावं लागलं असतं आणि तिथे मृत्युदंड होता. थायलंडच्या अटक वॉरंटाची मुदत वीस वर्षांची. पळून पुन्हा सापडलं की भारतातली शिक्षा वाढते आणि ती मुदत तुरुंगातच उलटून जाते. झालंही तसंच. १९९७ मध्ये तो तिहारमधून सुटला तेव्हा थायलंडला त्याला मागण्याचा अधिकार उरला नव्हता. तो पॅरिसला गेला, मुलाखतींचे आणि फोटोंचे पैसे घेऊ लागला.

मग २००३ मध्ये तो काठमांडूला गेला. ज्या एका देशात त्याच्यावर खुनाचा खटला अजून उभा राहू शकत होता, नेमक्या त्याच देशात. का गेला, याची उत्तरं त्याने स्वतः अनेक दिली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. ‘द हिमालयन टाइम्स’च्या एका बातमीदाराने त्याला ओळखलं. दैनिकात फोटो छापून आला आणि सप्टेंबरमध्ये पोलिसांनी याक अँड यती हॉटेलातल्या कॅसिनोतून त्याला उचललं. जो चेहरा त्याने आयुष्यभर विकला त्याच चेहऱ्याने त्याला पकडून दिलं. १९७५ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूत झालेल्या अमेरिकन तरुणीच्या खुनासाठी २००४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २०१० मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१४ मध्ये तिच्या कॅनेडियन सोबत्याच्या खुनातही तो दोषी ठरला.

२०२१ मध्ये ‘द सर्पंट’ ही मालिका आली आणि ज्यांच्या जन्माआधी हे सगळं घडून गेलं होतं ती मुलं माझ्याकडे त्याच्याबद्दल विचारू लागली. कुठे राहायचा, खरंच इतका देखणा होता का, पळाला कसा. माझ्या भाचीने विचारलं, “मामा, त्याला पकडलं तेव्हा तू केवढा होतास?” मी सांगितलं, “अंगणात चार्ल्स होण्यासाठी मारामारी करण्याइतका.” ती हसली आणि पुढचा भाग लावला. मीही तिच्याबरोबर बसून पाहिला. पाहायला बसलो यात काही गैर वाटलं नाही. वाईट माणसाचा चेहरा आपल्यासारखाच का दिसतो, हे कोडं माणसाला पडणारच. शेजारी राहणारा, दार उघडून हसणारा, आजारपणात औषध देणारा माणूस खुनी असू शकतो, ही भीती फार जुनी आहे. ती सुरक्षित अंतरावरून, घरात बसून पाहता येते तेव्हा आपण पाहतो. मला सलतं ते एवढंच, की त्या पाहण्यात आपली नजर एकाच चेहऱ्यावर खिळून राहते.

डिसेंबर २०२२ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने वय पाहून त्याला सोडायला सांगितलं आणि त्याला फ्रान्सला रवाना करण्यात आलं. विमानातला त्याचा एक फोटो जगभर फिरला. म्हातारा शोभराज आसनावर बसलेला आहे आणि जवळच बसलेली एक अनोळखी प्रवासी त्याच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहते आहे. लोकांनी त्या बाईच्या नजरेवरून भरपूर विनोद केले. तिच्या त्या नजरेत मला मात्र, इतक्या वर्षांत प्रथमच, साच्याबाहेरचं काही तरी दिसलं. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला ती त्याच्या कीर्तीसकट नव्हे, त्याच्या कृत्यांसकट पाहत होती.

२०२५ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट आला. मनोज वाजपेयी त्यात झेंडे झाले आहेत आणि खलनायकाचं नाव बदलून कार्ल भोजराज केलं आहे. शीर्षकात पकडणाऱ्याचं नाव यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, पण आलं याचं मला मनापासून समाधान वाटलं. आमच्या वाड्यातल्या मुलांसाठी तो चित्रपट फार उशिरा निघाला.

मात्र या सगळ्या प्रकरणात सर्वांत आधी ज्याने लक्ष दिलं तो माणूस पोलीसही नव्हता. हर्मन क्निपेनबर्ग. बँकॉकच्या डच दूतावासातला तिशीतला कनिष्ठ अधिकारी. हे तुमचं काम नव्हे, असं वरिष्ठांनी सुनावल्यावरही त्याने शोभराजच्या शेजारी राहणाऱ्या एका फ्रेंच बाईंची माहिती टिपून घेतली. संशयित निसटल्यावर पोलिसांनी सोडून दिलेल्या त्या घरात जाऊन त्याने कागद आणि औषधं गोळा केली. बदल्या होत गेल्या, देश बदलत गेले, पण त्या कागदांची खोकी त्याने टाकली नाहीत. २००३ मध्ये शोभराज काठमांडूत सापडल्याची बातमी आली तेव्हा क्निपेनबर्ग निवृत्त होऊन न्यूझीलंडमध्ये राहत होता. खोकी त्याच्याजवळच होती आणि त्यांतले कागद नेपाळच्या खटल्यात उपयोगी पडले. मी नेपाळमध्ये कधी आलोच नव्हतो, असं आरोपी म्हणत होता. कागदांवरून दिसत होतं की मारल्या गेलेल्या एका डच जोडप्याच्या पासपोर्टवर तो तिथे जाऊन आला होता.

क्निपेनबर्गचा शोध सुरू झाला तो १९७६ च्या फेब्रुवारीत, एका साध्या टपालाने. हॉलंडहून एका नातेवाइकाचं पत्र आलं होतं. घरातली एक मुलगी आणि तिचा मित्र आशियाच्या प्रवासाला गेले होते. दोघं नेमाने पत्र लिहीत. आता कित्येक आठवडे झाले, काहीच आलं नाही. दूतावासाला काही कळू शकेल का?

क्निपेनबर्गला काही दिवसांपूर्वी वाचलेली एक बातमी आठवली. रस्त्याच्या कडेला जळालेल्या अवस्थेत सापडलेले दोन देह एका ऑस्ट्रेलियन जोडप्याचे आहेत असं छापून आलं होतं. पण ते ऑस्ट्रेलियन जोडपं जिवंत निघालं. मग हे दोघं कोण, हे विचारायला कोणी पुन्हा गेलं नव्हतं. त्याने हॉलंडहून दातांच्या नोंदी मागवल्या आणि एका दंतवैद्याला सोबत घेऊन शवागार गाठलं. दोघांचेही दात जुळले.